नखं सुधारली

३१ जुलै, गुरुवार

मुनीम आज पुन्हा अडकला. उजव्या पुढच्या पायाचं मधलं नख गालिच्याच्या धाग्यात गुंतलं. ओढत होता. आवाज नाही, तो कधीच आवाज करत नाही. धागा कात्रीने तोडला.

आमच्या लेकीने, श्रेयाने, अवसरीला इंजिनिअरिंगला असताना वर्गातल्या कुणाकडून तरी घेतलेला हा सरडा. ऑस्ट्रेलियन जात. हनुवटीखाली काटेरी दाढी, राग आला की फुगवून काळी करतो. ती दाढी आणि गादीवर बसल्यासारखी बैठक पाहून तिनेच नाव ठेवलं मुनीम. नोकरी लागली, ती बेंगळुरूला गेली. तिथल्या खोलीत प्राणी चालत नाही. दीड वर्ष आमच्याकडे. मंचरमध्ये आमच्या गल्लीत अजूनही 'सरांची घोरपड'.

नखं वाढली ती माझ्यामुळे. त्याच्या काचेच्या पेटीत खडबडीत फरशी होती. त्याच्या खाण्यातल्या, चिमट्यातून निसटलेल्या अळ्या तिच्याखाली शिरायच्या, हा वर चढला की चिरडायच्या. जैन घर. फरशी काढून मी मऊ गालिचा अंथरला. अळ्या वाचल्या. (वाचल्या कसल्या. त्याच्या तोंडात गेल्याच.) नखं झिजायची थांबली.

घरकामाला येणाऱ्या हौसाबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. "दगुड र्‍हाऊ द्या सर. आमची शेरडं कातळावर चरत्यात, त्यांची खुरं कधी वाढत न्हाईत."

१ ऑगस्ट, शुक्रवार

श्रेयाचा फोन. सूचना लिहून घेतल्या.

आधी कोमट पाण्यात पाय भिजवायचे. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, एकाने धरायचं. मागून उजेड धरला की नखात शीर दिसते. तिच्या अलीकडे थांबायचं. फक्त अणकुचीदार टोक. एका दिवशी एकच पाय. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं, ते वाटीत आधीच काढून ठेवायचं.

"पप्पा, घाई नको. प्लीज."

मी कांचनला म्हटलं, उद्या मुनीमची नखं कापायची. ती म्हणाली, "कापायची काय म्हणता? सुधारायची म्हणा."

आमच्या घरात भाजी कुणी कापत नाही. भाजी सुधारतात. माझ्या आईने लहानपणी 'काप' या शब्दासाठी चापट दिली होती. हिंसेचा शब्द जिभेवर नको.

हौसाबाई ओट्याशी होत्या. हसल्या. "सुधारायची? त्यांनी काय गुन्हा केलाय?"

हौसाबाई तळेघरच्या. मुलाबरोबर इथे खोली करून राहतात, सकाळी आमच्याकडे काम. मुनीमच्या अळ्यांचा डबा घराबाहेर, जिन्याखाली. त्या चिमट्याने भरवतात. आम्ही कुणी भरवत नाही. सुरुवातीला मी संकोचाने विचारलं होतं. तेव्हा म्हणाल्या होत्या, "द्या, माज्या वाट्याला द्या त्ये पाप. आमच्यात कोंबडं चालतं, तितं अळीचं काय."

तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी अकरा. गॅलरीत. ढग.

हौसाबाई म्हणाल्या, "आज शनवार. माणसं नखं काढीत न्हाईत." मग स्वतःच, "पर ह्यो तिकडचा. त्यांच्यात शनवार असतो का न्हाई कुणाला ठावं."

त्यांनी टॉवेलमध्ये धरला. डोकं तळहाताखाली, पाय एकेक बाहेर. शांत. डोळे मिटले त्याने. डावा पुढचा पाय नीट झाला. पाच नखं, पाच बारीक टोकं, कागदावर. मला बरं वाटलं. नको तेवढं.

श्रेया म्हणाली होती, एका दिवशी एकच पाय. मी म्हटलं, हातासरशी दुसराही.

"सर, मोबाईलची बत्ती लावा मागनं."

"दिसतंय मला."

चष्मा आत टेबलावर होता.

तिसरं नख. तेच मधलं. दाबलं तेव्हाच हाताला कळलं, जास्त आहे. त्याने तोंड उघडलं. दाढी काळी. आवाज नाही. मग थेंब, मग थेंब नव्हे.

वाटीत कॉर्नफ्लॉवर काढलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात डबे उघडत होतो. बेसन, मैदा, पिठीसाखर. बाहेर आलो तेव्हा हौसाबाईंनी पदराच्या टोकाने बोट दाबून धरलं होतं. एका हाताने त्याला, दुसऱ्याने त्याचं बोट. मुनीमशी बोलत होत्या. "जालं, जालं, बाळा."

मी म्हणालो, "हलवलात ना हात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदर तसाच दाबून.

२ ऑगस्ट, संध्याकाळ

श्रेयाला फोन करावाच लागला. तिने मला सांगितलं होतं, झालं की कळवा.

मी म्हणालो, "एका नखाला जरा रक्त आलं. हौसाबाईंनी धरलं होतं. हात हलला."

दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. पहिलं खरं आहे. दुसऱ्यात हात कुणाचा ते नाही. तीस वर्षं मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला शिकवलं.

३ ऑगस्ट, रविवार

श्रेयाने कांचनच्या फोनवर फोन केला. हौसाबाईंना द्यायला सांगितलं. मी शेजारच्या खोलीत पेपर धरून. दार उघडं.

श्रेया मोठ्याने बोलते. ऐकू येत होतं.

"मावशी, रागावू नका, पण यापुढे मुनीमला हात लावू नका. तुमच्या हातून झालं ना ते."

"बरं ताई."

एवढंच. 'बरं ताई.' मग भांड्यांचा आवाज.

उठता आलं असतं. चार पावलं होती.

४ ऑगस्ट, सोमवार

आज त्याच्या अळ्यांचा वार. हौसाबाई लादी पुसून निघाल्या. मी दारातून जिन्याखालच्या डब्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ताईंनी हात लावू नका म्हनलंय." टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

जिन्याखाली गेलो. डबा पेटीपाशी आणून उघडला. चिमटा. अळी वळवळते, चिमट्यातून ते बोटांपर्यंत पोचतं. मुनीमने माझ्याकडे बघून डोकं फिरवलं. मग खाल्ली. चार भरवल्या.

हात धुतले. पुन्हा धुतले.

७ ऑगस्ट, गुरुवार

बोट सुजलं. टोक काळसर. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. भला माणूस. म्हणाले, "म्हैस असती तर सांगितलं असतं सर." पुण्याच्या एका डॉक्टरांनी व्हिडिओवर पाहिलं. मलम, दोन वेळा. गालिचा काढा, साधा कागद घाला. नख जाईल. बोटाचं टोक कदाचित.

त्यांनी विचारलं, "कुणी कापलं?"

"घरीच," मी म्हणालो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हौसाबाई गावाला. नाचणीची खुरपणी आहे म्हणाल्या. चार दिवस.

जाताना पेटीपाशी थांबल्या. हात मागे बांधून. "येती, मुनीमजी."

१९ ऑगस्ट, मंगळवार

आल्या नाहीत. आज मुलगा चावी देऊन गेला. "आय म्हनली, दुसरी बाई बगा." मी विचारलं, का? तो म्हणाला, "न्हाई बोलली काय."

आमची चावी. सहा वर्षं त्यांच्या कमरेला होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पर्युषण कालपासून सुरू. घरात हिरवी भाजी बंद. मुनीमला पाला लागतो. एरवी हौसाबाई येताना आणायच्या, बाहेरच निवडून, बारीक करून द्यायच्या. आज मी बाजारातून शेवग्याचा पाला पिशवीत लपवून आणला. वाटेत कुणी भेटू नये अशी चाल. भेटलेच, जैन स्थानकातून प्रवचन ऐकून येणारे दोघे. हात जोडले. पिशवी मागे.

गॅलरीत पाट ठेवून पाला चिरला. सुधारला. चिरला.

कांचनचा आज दुसरा उपवास. आठ करणार म्हणते. मलम लावताना बोट मीच धरतो, मीच लावतो. तिसरा हात लागतो, तो नाही. ती दारात उभी होती.

म्हणाली, "त्या दिवशी मी खिडकीत होते."

मी मलमाचं झाकण लावलं.

"कर्म तुम्ही बांधलं. गाठ तिच्या पदराला मारली."

आवाज चढवला नाही तिने. पाणी प्यायला आत गेली.

२७ ऑगस्ट, बुधवार

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. प्रतिक्रमण. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली. त्यात सरपटणारेही येतात. म्हणताना सवयीने जीभ पुढे गेली. मन मागे राहिलं, दाराशी.

फोनवरून सगळ्यांना एकच निरोप. कळत-नकळत मन दुखावलं असल्यास खमत खामणा. नातेवाईक, व्यापारी, जुने विद्यार्थी, गॅसवाला. एकदा दाबलं, सगळीकडे गेलं. उलट तसेच आले. ज्यांना मी कधी दुखावलं नाही अशा सगळ्यांनी मला क्षमा केली.

हौसाबाईंचा नंबर माझ्याकडे नाही. कांचनच्या फोनमध्ये आहे, 'हौसा काम' या नावाने.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी पेटीतल्या कागदावर नख पडलेलं. टोकासकट. काळं, वाळलेलं, तांदळाच्या कणीएवढं. काडेपेटीत ठेवलं. का, ते माहीत नाही.

त्याला काही नाही. ऊन घेत बसला होता. चार बोटांवर आणि एका अपुऱ्या बोटावर.

३१ ऑगस्ट, रविवार

तळेघरला गेलो. कॉलेजचं काम सांगून निघालो. कांचनने विचारलं नव्हतंच. घोडेगाव, डिंभे, मग चढ. एसटीतून उतरून तासभर चाल. धुकं. भातखाचरं, वर नाचणीचे तुकडे. दोनदा वाट विचारली. "कोन, आमची हौसा का? पावणं कुठलं?" मंचरचे. "मग चपला काढा, चिखूल लई हाय."

चपला हातात घेऊन पोचलो. त्या बांधावर बसून विळ्याची धार बघत होत्या. उठल्या नाहीत. मग उठल्या.

"सर? बाई बऱ्या हायेत ना?"

बऱ्या आहेत म्हणालो. कोरा चहा दिला. मी हात जोडले. वाटेत ठरवलेलं सगळं गेलं, निरोपातलं वाक्य तेवढं राहिलं. खमत खामणा.

"म्हंजी काय?"

"क्षमा मागतो. वर्षभरात कळत-नकळत काही..."

"नकळत?"

कपाची कड मोडकी होती. मी तिकडे पाहत होतो.

त्या म्हणाल्या, "सर, माजा हात हालला व्हता का?"

"नाही."

"मी व्यायलेली म्हस धरती. माजा हात हालत न्हाई." मग, "ह्ये मला काय सांगता. मला ठावंच हाय. पोरीला सांगितलं का?"

"सांगतो."

"सांगा. मला मावशी म्हनायची. त्याच तोंडानं म्हनली, हात लावू नका." विळा खाली ठेवला. "ती बोलली तर येती. तुमच्यासाठी न्हाई. त्यो मुका हाय म्हनून."

निघताना ओढ्यातला एक दगड दिला. चपटा, खडबडीत, माझ्या दोन पंज्यांएवढा. "पेटीत टाका. मंग कात्रीच नगं."

मी म्हटलं, खाली अळ्या चेंगरतात.

"मातीत बशिवला तर कशा जात्याल खाली?" त्या म्हणाल्या. "चार बाजूनी दाबायचा."

दीड वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. एसटीत दगड मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "देव आनला काय राव?"

१ सप्टेंबर, सोमवार

दगड धुतला, उन्हात ठेवला, पेटीतला कागद काढून मातीत बसवला. मुनीम पाच मिनिटांत वर चढला. नखांचा आवाज ऐकू आला. बारीक, खर खर.

श्रेयाला फोन केला. दगडाचं सांगितलं. खूश झाली. "कुणाची आयडिया?"

"हौसाबाईंची."

"अरे वा." मग हळू आवाजात, "पप्पा, मी जास्त बोलले का त्यांना?"

ही जागा होती. दुसरी मिळणार नव्हती इतकी सोपी.

मी म्हणालो, "आवाज तुटतोय."

तुटत नव्हता.

६ सप्टेंबर, शनिवार

मेसेज लिहिला. 'मुनीमचं नख त्या दिवशी जास्त कापलं गेलं.' खोडला. 'माझ्याकडून कापलं गेलं.' खोडला. मीच मुलांना सांगायचो, कर्ता लाजला की वाक्य लांबतं.

'मी कापलं.' दोन शब्द. वाचत बसलो. बोट बटणावर. कांचन चहा घेऊन आली, फोन पालथा घातला.

१३ सप्टेंबर, शनिवार

श्रेया काल आली. उद्या पहाटे परत. नवं क्लिपर आणलंय, छोटं, दिवा असलेलं. मागच्या पायांची नखं अजून लांब आहेत. दगडाने झिजतील, पण वेळ लागेल.

आल्या आल्या तिने बोट पाहिलं. बराच वेळ. मुनीमला खांद्यावर घेऊन घरभर फिरली. ओट्यापाशी नवीन बाई होत्या. "मावशी कधी येणार?" तिने आईला विचारलं. कांचनने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

आज दुपारी गॅलरीत. लख्ख ऊन. कोमट पाणी, टॉवेल. कॉर्नफ्लॉवर वाटीत, सगळ्यात आधी. "पप्पा, तुम्ही धरा. मी करते."

पहिल्यांदाच असा धरला. डोकं तळहाताखाली. छातीची धडधड बोटांना लागते. एवढासा जीव. इतका शांत राहतो की आपण धरलंय हेच विसरायला होतं. हौसाबाईंच्या हातात असाच होता त्या दिवशी. शेवटपर्यंत. मी कापेपर्यंत.

श्रेयाने दिवा लावला. नख काचेसारखं झालं, आत गुलाबी रेघ. कुणालाही दिसली असती.

"बघा, एवढं सोपं आहे," ती म्हणाली. "मावशींना कसं काय जमलं नाही, कळत नाही मला."

मी म्हणालो, "श्रेया."

"हलू नका, पप्पा."

हललो नाही.

पाच नखं झाली. एक थेंब नाही. पाणी गार झालं म्हणून ती बदलायला आत गेली आहे. मुनीम टॉवेलात, माझ्या मांडीवर, डोळे मिटून. एका हाताने धरून दुसऱ्याने हे लिहितो आहे. आत गॅस पेटल्याचा आवाज.

एक पाय राहिला आहे.