एकोणनव्वद रात्री

२ जून, प्लेनो, अमेरिका
चूक माझीच. केदारचे दिवस मी रात्रींत मोजले.

वीस वर्षं ट्रॅव्हलच्या धंद्यात. आम्ही पॅकेज रात्रींवर विकतो – सहा रात्री, आठ रात्री. सवयीने धाकट्या भावाचा दौराही तसाच बसवला. लंडनहून युरोपात चार फेऱ्या, एकोणनव्वद रात्री. ब्रेक्झिटनंतर त्याच्या ब्रिटिश पासपोर्टवर तिथे सहा महिन्यांत नव्वद दिवस मिळतात. वाटलं, बसतंय. पण ते उतरल्याचा दिवस धरतात आणि निघाल्याचाही. चार फेऱ्यांचे चार दिवस वाढले. त्र्याण्णव!

म्हणजे अकराला त्याने बाहेर पडायला हवं. दौऱ्यातला शेवटचा, गेंट शहरातला कार्यक्रम तेराला. बावीस वर्षं दुसऱ्यांची साथ केल्यावर त्याचं पहिलं स्वतंत्र तबलावादन.

३ जून
अरुणला सांगितलं. नवऱ्याचं उत्तर तयार – ‘वाजवू दे यार. कोण बसलंय दिवस मोजत?’ पूर्वी शिक्के पुसट असायचे, खरं आहे. आता मशीन मोजतं. सापडला तर पुढचे दौरेही गेले.

तो पासपोर्ट त्याने युरोपसाठीच घेतला होता. तेव्हा लंडनहून व्हॅन निघायची, कुणी काही विचारत नसे.

४ जून
फोन केला नाही.

५ जून
केला. तो लियाँत होता, मागे कुणी तंबोरा लावत होतं. तारखा त्याने पुन्हा एकदा मोजून घेतल्या. मग म्हणाला, ‘ताई, हॉलवाल्यांना तूच कळव. मला जमणार नाही.’ नंतर विचारलं, तिकडे उन्हाळा सुरू झाला का.

८ जून
हॉलला तारीख बदलता येत नाही. त्याच्या जागी दुसरं कुणी वाजवेल.

अरुण म्हणतो, जाऊन भेट त्याला. कशी? बाहेर पडले आणि परत यायला लागणारं व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर? नऊ वर्षं हा देश सोडलेला नाही. लोकांना मात्र जगभर पाठवते.

११ जून
केदार लंडनला पोचला. मेसेजमध्ये एकच शब्द: नव्वद.

१३ जून
केदार इथे आहे. काल दारात उभा, हातात एक छोटी बॅग. तबला आणला नाही – विमानतळावर विचारतील, काम करायला आलास का.

संध्याकाळी सात, गेंटला ठरलेली वेळ. डायनिंग टेबल रिकामं केलं. तो लाकडावरच वाजवायला बसला. लहानपणी रियाजाला धरायचे तशी मी टाळी धरली. दीड तास. सोळा मात्रा. दर वेळी सोळा.