पाटीवरचा कारखानदार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (सध्या दोन्ही मोकळेच आहेत). मागच्या खोलीवर पाटी लावली. तिची खरी किंमत सांगतो: रंगाऱ्याची मजुरी, त्याचे चार चहा, हिचा दोन दिवस अबोला आणि खिळा ठोकताना पडलेला भिंतीचा पोपडा. पोपडा तुझ्या भिंतीचा, म्हणून हिशेबात शेवटी घेतला. गुडघा कसा आहे? लेकीचं बाळ तुला झोपू देतं का?

पाटीवर ‘कारखानदार’ एवढंच लिहिलंय. हिच्या मते ‘चिमटेवाला’ पुरे होतं. पण कपडे वाळत घालायचे चिमटे करतो म्हणून माणसानं जन्मभर दोरीलाच लोंबकळावं असं कुठंय? शेजारचे मास्तर पाटीखाली थांबले (फुकट शिकवायला मिळालं की त्यांना पेन्शन वाढल्यासारखं वाटतं). म्हणाले, शब्द फारसीतून आलाय. कार म्हणजे काम, खाना म्हणजे जागा; दवाखान्यात दवा, तसं कारखान्यात काम. आणि दार म्हणजे ते ज्याच्या ताब्यात तो, जसा दुकानदार. मग चष्मा पुसत विचारलं, “तर कारखानदार, यातलं तुमचं काय काय?”

ताई, बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, पण आधी मनातल्या मनात हिशेब मांडला. काम तुझं: तुझी धुतलेली चादर वाऱ्यानं गटारात गेली, तू माझ्या नावानं खडे फोडलेस, त्यातून पहिला चिमटा निघाला. जागाही तुझीच; भाड्याचं विचारलं की तुला ऐकू येईनासं होतं. नोकरी गेली तेव्हा सगळ्यांनी सल्ले दिले, तू किल्ली दिलीस. हे तोंडावर बोलायला गेलो असतो तर तू चहा ठेवायला उठली असतीस, म्हणून लिहितोय. तरी मास्तरांना ठणकावलंच, की ताबा माझा. यंत्र माझ्या एका बोटावर चालतं, बटण दाबलं की धडधड सुरू, कुणावाचून अडत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. लाँड्रीवाल्यानं शनिवारपर्यंत पोतंभर चिमटे मागितलेत. दिले तर कायमचं गिऱ्हाईक, नाहीतर तो प्लॅस्टिकचे घेणार.

आणखी एक. स्वयंपाकघराची किल्ली इकडे येणाऱ्या कुणाहीबरोबर धाड. मागच्या खोलीचा मेन स्विच तुझ्या डब्यांच्या फळीमागे आहे. लेकीकडे जाताना तू तो सवयीनं बंद केलास आणि कुलूप लावलंस. यंत्र तेव्हापासून बंद आहे.