भवानीचे पाच छर्रे

बाबा, शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या सोडून द्या. आठवीनंतर मी शाळेत गेलेच नाही, आणि मोबाइलवर एका बोटाने टाइप करत्ये, त्यामुळे दोन ओळी होईपर्यंत चहा गार होतो. दुपारचे अडीच वाजलेत. आई आडवी झाल्येय. मी स्वयंपाकघरात खाली बसल्येय, पुढ्यात पेपर पसरून त्याच्यावर तुमचं छऱ्याचं पिस्तूल ठेवलंय आणि बाजूला आईच्या शिलाई मशीनचा बारका स्क्रू ड्रायव्हर. खूप दमल्ये मी. हात नाय दुखत, डोकं दमलंय.

आपली फुग्यांची फळी अजून मांडवीला किनाऱ्यावर लागते. आई रायफल सांभाळते, मी पिस्तूल. तुमची पद्धत पण चालू आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी भवानीचे पाच छर्रे मी मारायचे, पाच फुगे फोडायचे, म्हणजे आवाजाने लोक वळतात. मे महिन्यात एक सर बायको-मुलाला घेऊन आले होते, इथल्या शूटिंगच्या हॉलवर नेमबाजी शिकवतात ते. त्यांनी पिस्तुलाने पाच मारले, एक पण लागला नाय. त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही नक्की शिकवता ना?" मग मी त्याच पिस्तुलाने पाचच्या पाच फोडले. सर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, उद्या सकाळी हॉलवर ये. मी खाली बघून छर्रे मोजायला लागले. आईच म्हणाली, "येईल ती. बोलायची नाय, पण येईल."

हॉलवर पिस्तूल वेगळं, हलकं, आणि फुग्याच्या जागी कागद, मधे काळा गोल. मी मारायला लागले आणि सगळे छर्रे खाली, डावीकडे. दहाच्या दहा. बोराएवढ्या जागेत सगळे, पण गोलाच्या बाहेर. तिथल्या मुली चांगल्या आहेत, पण एक हसलीच, "हिचा फुगा तिकडे असेल." आठ दिवस तेच. सर म्हणाले, "हात पक्का आहे तुझा, पण सुटताना झटका देत्येस. घोडा ओढताना मनगट खाली जातं. मग फुगे कसे फुटतात गो तुझे? आण बघू ते पिस्तूल."

नेलं. त्यांनी ते टेबलावर शिकंज्यात घट्ट धरलं, म्हणजे माणसाचा हात नको मधे. मागची खाच, पुढचा दाणा आणि काळा गोल एका रेषेत आणले आणि पाच मारले. पाचही वर, उजवीकडे. त्यांनी माझा कागद त्या कागदाशेजारी धरला आणि म्हणाले, "मागची खाच कोणीतरी सरकवल्येय. तुझा झटका जेवढा खाली-डावीकडे, ही बरोब्बर तेवढीच उलटी. हे आपोआप होत नाय. कोणी केलं?"

बाबा, मला ती जत्रा आठवली. मी नऊ वर्षांची. एका माणसाचे सगळे छर्रे फुकट गेले आणि त्याने पिस्तूल फळीवर आपटलंन. "खाचेचा पत्रा वाकवून ठेवलाय ह्या भाड्याने! पोरीला पुढे करून लोकांना फसवतो." माणसं जमली. तुम्ही त्याच्या पोराच्या हातात एक फुगा दिलात आणि पुढचा छर्रा भरायला लागलात. एसटीत मी तुम्हाला विचारलं, खरंच वाकवलाय का. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "गप बस. छऱ्याची डबी सांभाळ." तेवढंच. शाळेत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलेलं होतं. त्यानंतर मी तुमच्याबरोबर फळीवर आले नाय, पोटात दुखतं सांगायचे. तुम्ही दोनदा विचारलंत, मग विचारायचं सोडलंत. त्याच पावसात तुम्हाला ताप आला आणि तुम्ही गेलात. आईला एकटीला जमेना म्हणून मी परत फळीवर उभी राहिले, पण आठ वर्षं मी हेच धरून बसले की माझे बाबा लोकांना फसवायचे.

आणि सरांच्या टेबलापाशी मला जत्रेच्या आदल्या वर्षीची एक सकाळ आठवली. आदल्या दिवशी माझा एकही फुगा फुटला नव्हता आणि मी जेवले नव्हते. तुम्ही मला उठवलंत. मागच्या दारी फणसाला खोका बांधलेला, त्यावर कोळशाने गोल. तुम्ही बार भरून देताय, मी दोन्ही हातांनी मारत्ये. पाच झाले की तुम्ही खोक्यापाशी जाता, भोकांना बोट लावता, येऊन हाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन काहीतरी करता. परत पाच. परत स्क्रू. आई आतून ओरडत्येय, "अहो, मशीनचं हत्यार ठेवा जाग्यावर!" तुम्ही म्हणता, "आता मार बाय." आणि छर्रा गोलात. मला वाटलं मी शिकले. त्या दिवसापासून तुमचे स्वतःचे छर्रे त्या पिस्तुलाने चुकायला लागले, गिऱ्हाइकं हसायची, तुम्ही पण हसायचात. आम्हाला वाटायचं तुमची नजर गेली.

मी आईला विचारलं, बाबांनी हे माझ्यासाठी केलं की धंद्यासाठी? लहान पोरगी फोडते म्हटल्यावर माणसाला सोपं वाटतं, आणि मग त्याचे चुकतात. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "दोन्ही असेल गो. तुझं रडू त्यांना बघवायचं नाय आणि घर पण चालवायचं होतं. आता कुणाला विचारणार?"

उद्या हॉलच्या टीमची निवड आहे. महिनाभर सकाळी मी झटका मोडत्ये. सर सांगतात, फक्त दाण्याकडे बघ, गोल धुरकट दिसू दे, बोट सावकाश. आणि संध्याकाळी फळीवर त्याच हाताने भवानी करायची. सरळ हात आणि झटक्याचा हात, दोन्ही एकाच अंगाला कसे राहणार? काल भवानीचे पाचही चुकले. सगळे वर, उजवीकडे. माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "पत्रा वाकडा दिसतोय हिचा." मी पुढचा छर्रा भरला. मला कळलं की माझा हात सरळ झालाय. आनंद व्हायला पाहिजे होता, पण मला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

हे पाठवायचं नाय कुठे. तुमच्या जुन्या नंबरवर आता कुणाच्यातरी बाळाचा फोटो आहे.

मघाशी स्क्रू फिरवला, बाबा. खाच मधे आणली. पण त्याआधी आईच्या नेलपॉलिशने तुमच्या जागेवर बारीक टिंब केलं, म्हणजे परत तिथे नेता येईल. आणि अजून एक. हॉलवरच्या मुलींनी विचारलं होतं, बाबा काय करायचे, तर मी रिक्षा चालवायचे म्हणून सांगितलं. उद्या सांगेन म्हणत्ये फुग्यांची फळी होती म्हणून. बघू, तोंडातून निघालं तर.

बाकी, शेजारच्या काकीला जुळे झाले. दोन्ही मुलगे, आणि घरात एकच पाळणा.