नानांचा अनध्याय

वैशाख, रविवार. दूधविनायक मोहल्ला.

घरी पोचलो, सगळे धड आहोत आणि माझं हसू अजून थांबत नाहीये.

गंगेपलीकडच्या रेतीवर तंबू ठोकून राहायची हौस माझीच. माझे सासरे नाना सोवळं नेसून तंबूत वेद म्हणत बसले. एवढ्यात शहरावरून काळे ढग चढून आले. उघड्या रेतीत उंच असा एकच, आमच्या तंबूचा लोखंडी खांब! पण पाठ चालू असताना नानांना हाक मारायची कुणाची छाती? माझी नाही, ह्यांची, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मुलाचीही नाही.

तोच ढग गडगडला आणि नाना आपणच थांबले. "अनध्याय! मेघ गरजला की पाठ बंद. चला, उठा."

अनवाणी पळत, रेतीवर उभ्या आमच्या गाडीत सगळ्यांत आधी तेच शिरले, सोवळ्यात, माझ्या चामड्याच्या पर्सला खेटून! दारं लावतोय तोच वीज पडली. त्याच खांबावर.

मग नाना म्हणाले, "सूनबाई, पत्ते आणलेत ना? काढ. आता सुट्टीच आहे."

तो खांब... नकोच आठवायला. वाचवलं कुणी, वेदांनी की वेदांच्या सुट्टीनं? असो. नाना पत्त्यांत चक्क लबाडी करतात, हे इतक्या वर्षांनी आज कळलं!