बोलायचं बटण

६ मे १९९६, उल्हासनगर

नोकरी लागली! कॅम्प तीनमध्ये कापडाच्या दुकानावर एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि आम्ही तिघं: नारूमलशेठ, चित्रं काढणारा आणि प्रोग्राम लिहिणारा चिंतामणी, आणि मी, म्हणजे देऊ. गेम बनवतोय. एक माणूस डोंगरातून हरवलेली घंटा शोधत जातो. त्याच्या वाटा आखायचं काम माझं. चौकटीच्या वहीत कडे, खड्डे, काटे काढायचे. कुठली उडी जमेल, कुठली हुकेल, ते घरं मोजून ठरवायचं. बटणं चारच: डावीकडे, उजवीकडे, उडी, उचल.

शेठनी घरचं विचारलं. वडील आनंदनगरला कारखान्यात आहेत म्हणालो. बारवी धरणाजवळची वाडी, आईची लाकडाची मोळी, यातलं काही बोललो नाही.

१४ मे

पहिली लेव्हल झाली. आमच्या वाडीमागची टेकडीच उतरवलीय. माणूस उडी मारली की हवेत तरंगायचा. चिंतामणीने उडी कमी केली, आता पाय बरोबर टेकतात. शेठ खूश.

१७ मे

दुपारी आई आली. पत्ता विचारत, अनवाणी, डोक्यावर करवंदांची पाटी. शेठ म्हणाले, ये कौन है? माझ्या तोंडून गेलं, गावची बाई आहे, आमच्याकडे कामाला असते.

आईने माझ्याकडे बघितलं. "हो शेट, कामालाच," म्हणाली. पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि जिना उतरली. मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही.

२० मे

थोरला भाऊ सुकऱ्या आला होता. आई शुक्रवारपासून घरी नाही. त्याला जिन्यातच अडवलं आणि सांगितलं, इकडे आलीच नाही. आली म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

२१ मे

तिसऱ्या लेव्हलच्या टोकाला एक बाई उभी. पाठमोरी, डोक्यावर पाटी. मी काढलेली नाही. चिंतामणीला दाखवली. त्याला दिसतच नाही.

२३ मे

पुसली. तर पुढच्या लेव्हलमध्ये उभी. माणूस जवळ नेला की ती आणखी पुढे. हाक मारायला बटणच नाही. चारांत बोलणं मी ठेवलंच नव्हतं. चिंतामणीच्या मागे लागून पाचवं करून घेतलं. दाबलं. माणसाच्या डोक्यावर अक्षरं उमटली: गावची बाई आहे.

हे आम्ही लिहिलेलं नाही.

२४ मे

बटणांना हात लावला नाही. तरी माणूस चालतोय. तिच्या मागे. मी आखलेली वाट संपली तरी— पुढे पाणी. बारवीचं. काठावरचा तो उंबर ओळखीचा—

वाडीवर गेलो. सुकऱ्याला सगळं सांगितलं. तो बाजूला थुंकला फक्त.

२५ मे, सकाळी

धरणाकाठी. उंबराखाली पाटी. करवंदं वाळलेली. सुकऱ्या माणसं आणायला गेलाय—

ती पाण्यात उभी आहे. कमरेइतक्या. पाठमोरी.

आई म्हणून हाक मारली. मोठ्याने. वळली—

विचारते, कोण रे बाबा तू?

देऊ म्हटलं. तुझा देऊ. ती नुसती बघते—

ऐकू गेलं नसेल. जवळ जाऊन सांगतो. वही भिजायला लाग—