समोरच्याच्या हातातले पत्ते

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून नियमित लिहिणार. पैसे लावून खेळायची पोकरची ॲप्स सरकारने बंद केली. बरंच झालं. नशिबावर खेळणारी जत्रा पांगली, फुकटच्या चिप्सवर, म्हणजे ॲपमधल्या बिनपैशाच्या नाण्यांवर खेळणारे आम्ही अभ्यासू उरलो. १६ नोव्हेंबरला मोठी ऑनलाइन टूर्नामेंट, चार हजार जण. पहिल्या पन्नासात यायचंच.
समोरच्याचे नेमके दोन पत्ते ओळखायला जातो तो गाढव. शहाणा त्याची रेंज काढतो. म्हणजे त्याच्या हातात काय काय असू शकतं याची यादी करायची, प्रत्येकापुढे टक्के लिहायचे, तो खेळेल तशी यादी खोडत जायची. दोनशे पानी वही आणली. घोडेगावात माझं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, ते आता चारला बंद.

११ सप्टेंबर
ही विद्या घरातही चालते. बायको पुष्पा लूज प्लेयर. हातात काही नसलं तरी रेझ करते, म्हणजे पैज वाढवते, दहापैकी नऊ ब्लफ. वडील एकदम टाइट, भारी पत्ते आल्याशिवाय डावात उतरत नाहीत. आबांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं, दिवसाला वीस शब्द. वाचायला सोपे.

२१ सप्टेंबर, रविवार
सरावात शंभरात नव्वदावा. निकाल वाईट, निर्णय अचूक.
आबा हल्ली भाकरी दुधात कुस्करून खातात, तीही अर्धी ठेवतात. रेंज काढली. दात ७०, पुष्पाच्या हाताची चव २०, रुसवा १०. पुष्पा म्हणते, घास अडकतोय त्यांचा, डाक्टरला दाखवा. तिचं नेहमीचंच.

५ ऑक्टोबर
आबांनी उरलेली अकरा मेंढरं माझा चुलतभाऊ दादाभाऊ याला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. दादाभाऊ दुकानावर येऊन सांगत होता, भाऊ, चुलता लई वाळलाय, मेंढरांमागं चालवत न्हाई त्यांला, जरा बघा. अकरा मेंढरं फुकट मिळाल्यावर कोणालाही काळजी वाटेल.
गुडघे ६०, मेंढरांचा कंटाळा ३०, माझ्यावर राग १०.

१२ ऑक्टोबर
आबांनी विचारलं, बुधवारी मोकळा हाय का, पुण्याला जायाचं व्हतं. कशाला, ते सांगितलं नाही. टाइट माणूस एवढी छोटी बेट, म्हणजे पैज, लावतो तेव्हा हातात किरकोळच काहीतरी असतं. चष्मा ५०, पाहुण्यांकडे ४०, इतर १०. बुधवारी माझा सराव सामना. म्हटलं, दिवाळीनंतर बघू. लगेच म्हणाले, व्हय व्हय, तुझं व्हऊ दे आधी. म्हणजे फोल्ड, पत्ते खाली टाकले. अंदाज बरोबर होता.

२२ ऑक्टोबर, पाडवा
आबांनी फराळाला हात लावला नाही. चहासुद्धा अर्धा कप. साखरेची भीती ८०. तरी मुलगा म्हणून माझं कर्तव्य आहे. डॉक्टरकडे न्यायचा पक्का निश्चय केला. टूर्नामेंट झाली की दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला. लाल पेनने लिहून ठेवलं.

३ नोव्हेंबर
मी वही उघडली की आबा टीव्ही बंद करून ओट्यावर जाऊन बसतात. एका खोलीत बसवत नाही वाटतं माझ्याबरोबर. राग १० वरून ३० केला.

१० नोव्हेंबर
पुष्पा आबांना घेऊन सकाळच्या एसटीने पुण्याला गेली. म्हणाली, आमी तपासण्या करून येतो, तुमी बसा टक्के मांडत. टूर्नामेंटच्या आठवड्यात मुद्दाम केलेली रेझ. मी कॉल केली नाही, म्हणजे तिच्या पैजेला पैज लावली नाही.

१३ नोव्हेंबर
तिचा फोन नाही, माझाही नाही. आधी बोलेल तो हरला. घर शांत. अभ्यास उत्तम.

१६ नोव्हेंबर, दुपार
एकविसाव्या मिनिटाला बाहेर. नंबर तीन हजार सातशे चार. समोरच्याची रेंज मी अचूक काढली होती. त्याच्याकडे यादीबाहेरचे पत्ते निघाले.
पुष्पाचा फोन आला. झालं का तुमचं? आता या.

१७ नोव्हेंबर
पुण्याला गेलो. पुष्पाने हॉस्पिटलच्या जिन्यातच सांगितलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. दोन महिने आधी आणलं असतं तर ऑपरेशन जमलं असतं. आता नळीने पातळ घालायचं. डॉक्टर संक्रांतीपर्यंत म्हणाले.
मी विचारलं, आबा मला का बोलले नाहीत. ती म्हणाली, त्यांला वाटतंय तुमी तलाठ्याची परीक्षा देताय. सोळा तारीख सोळा तारीख ऐकून, अन् ती वही बघून. मला म्हणायचे, पेपर व्हईपत्तूर त्याला काय बोलू नको, ध्यान उडंल त्याचं. एवढं खुशीत असायचे की मला खरं सांगवलं न्हाई.
लाज वाटली. ती लिहूनही कमी होत नाही.
वॉर्डात गेलो. आबांच्या नाकात नळी, आवाज पार बसलेला. खुणेने जवळ बोलावून विचारलं, पेपर कसा गेला. बरा गेला, म्हणालो. मग विचारलं, निकाल कधी. माझ्या तोंडातून मार्च निघून गेलं. आबांनी चादरीतून हात काढला, बोटांवर महिने मोजले आणि मान डोलावली.