डोळ्यांतला ठिपका

३ जून
उत्कर्षाला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून आम्ही मायलेकी साताऱ्याहून इथे आलो. रिकामे बसणे मला जमत नाही. अर्जुनरावांच्या फोटो स्टुडिओत आजपासून एडिटिंगला जाते. उजेड भरपूर, खुर्ची बरी, चहा पांचट. खूश आहे.

९ जून
इथे जास्त काम गेलेल्यांचे. लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापायचा, मागे निळा पडदा, अंगात कोट. दहाव्याला हार घालायला फोटो तयार. पहिलाच मी गोरा, गुळगुळीत केला. अर्जुनराव म्हणाले, बाई, ही भावली झाली, माणूस न्हाई. खरे होते.

२ ऑगस्ट
हात आवरला आहे. आता सुरकुत्या ठेवते, व्रणही ठेवते. फक्त डोळ्यांतला उजेडाचा पांढरा ठिपका पुसते. तेवढ्याने चेहरा निवतो. शालनबाई नवऱ्याचा फोटो पाहून म्हणाल्या, व्हय, आता गेल्यागत वाटत्यात. इतकं दिस दारातच उभं हायत वाटायचं. ही सेटिंग सेव्ह केली.

१९ ऑगस्ट
उत्कर्षाच्या शिफ्टमधल्यांच्या ओळखपत्रांचे फोटो आले. तिचाही आहे. घाई होती. सगळ्यांना एकदम माझी सेटिंग लावली, मूळ फोटोंवरच सेव्ह केले. ठिपके गेले. कोण बघतो? कार्डे छापून दिली.

२४ ऑगस्ट
पहिल्या कार्डावरचा रविराज गेला. झोप येते म्हणून आडवा झाला, उठलाच नाही. हारासाठी घरच्यांनी कार्डाचाच फोटो आणला. त्यात मला काही करावे लागले नाही.

२७ ऑगस्ट
मोनिका. मग समर्थ. फोटो ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने. दोघेही झोपेत. अर्जुनराव ओरडले, जित्या मानसाला ती सेटिंग लावली व्हय! मग खाली बसले. उपाय विचारला. त्यांनी हात जोडले.

२८ ऑगस्ट
ठिपके पुन्हा रंगवले. खोटे दिसतात. दुपारी वर्षाली गेली. तिच्यानंतर माझी —

२९ ऑगस्ट
नवा फोटो काढायचा. उत्कर्षाला खिडकीसमोर बसवले. तोंडावर ऊन. ती म्हणते, आई, आटप ना, झोप येतेय. काढला. कशालाही हात लावला नाही. फोटोत ठिपका नाही.

कॅमेरा बिघडला असेल. वळून तिच्याकडेच पाहिले. ऊन तसेच आहे. ती माझ्याकडे बघते आहे, आणि डोळ्यांत —